जिम थॉर्पला जाता, तर कार्लाइललाही चला
न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पानगळीच्या सहलीचं पत्रक दरवर्षी येतं आणि ते साधारण एकाच साच्याचं असतं. सकाळी लवकर बस, बसमध्ये नाश्ता आणि अंताक्षरी, मग जिम थॉर्प गाव, लेहाय गॉर्जच्या आगगाडीतून रंगलेले डोंगर, ब्रॉडवेवर तासभर भटकणं, ग्रुप फोटो आणि परत. गाव देखणं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावाला ज्याचं नाव आहे तो खेळाडू, जिम थॉर्प, तिथेच, ९०३ नंबरच्या रस्त्याच्या कडेला, लालसर ग्रॅनाइटच्या थडग्यात आहे. आपली बस तिथे थांबत नाही.

माझी विनंती अशी : यंदा सहल दोन दिवसांची करा आणि दुसऱ्या दिवशी कार्लाइलला चला. जाताना बसमधला माइक अंताक्षरीआधी अर्धा तास एखाद्या जाणत्या सभासदाकडे द्या आणि मुलांना थॉर्प ज्या शाळेकडून खेळला त्या कार्लाइलच्या शाळेच्या १९१२ च्या अमेरिकन फुटबॉल हंगामाची गोष्ट सांगा. मात्र सांगायची तर पूर्ण सांगा. एवढं लांब पत्र लिहितोय ते या ‘पूर्ण’साठी, कारण ही गोष्ट अर्धी सांगायची सवय अमेरिकेलाही आहे आणि आपण ती तशीच्या तशी उचलतो.

आधी थडग्याचं. जिम थॉर्प मार्च १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, सॅक अँड फॉक्स जमातीचा, जन्म आजच्या ओक्लाहोमातला. घरच्यांनी त्याला ओक्लाहोमातच जमातीच्या रिवाजाने पुरायचं ठरवलं होतं, विधी सुरूही झाले होते. ते अर्ध्यावर असताना त्याची तिसरी बायको पॅट्रिशिया शववाहिका घेऊन आली आणि पार्थिव घेऊन गेली. पुढे मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक या पेनसिल्व्हेनियातल्या जोडगावांशी तिचा करार झाला. कोळशाच्या आणि रेल्वेच्या पैशावर वाढलेली ही गावं तोवर पार बसली होती. थॉर्पच्या नावाने लोक येतील, चार पैसे फिरतील, असा हिशेब होता. १९५४ मध्ये दोन्ही गावं एक झाली, नाव बदललं, थडगं उभं राहिलं. ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियममधली मातीही आणून घातली. ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्याचा जिवंतपणी या गावाशी काही संबंध नव्हता. २०१० मध्ये त्याच्या मुलाने पार्थिव परत मिळावं म्हणून दावा लावला. मुलं खालच्या कोर्टात जिंकली, २०१४ मध्ये अपिलात हरली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आपण ज्याला पानगळीचं गाव म्हणतो, ते असं मिळवलेलं नाव आहे.

खेळाडू म्हणून थॉर्पचं गाव कार्लाइल. हर्शीच्या चॉकलेटच्या नादाने आपण सगळे एकदा तरी त्या बाजूला गेलो आहोत. तिथून हॅरिसबर्ग ओलांडून पश्चिमेला गेलं की तासाभराच्या आत कार्लाइल. तिथली लष्करी छावणी, कार्लाइल बॅरक्स, आजही लष्कराकडेच आहे आणि तिथे आर्मी वॉर कॉलेज चालतं. पण १८७९ ते १९१८ या काळात याच छावणीत कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल होतं, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या (तेव्हा त्यांना ‘इंडियन’ म्हणत) मुलांची सरकारी निवासी शाळा.

ती शाळा काय होती हे मुलांना गोड करून सांगू नका. रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ती काढली. मुलातला ‘इंडियन’ मारा आणि माणूस वाचवा, हा त्याचा सिद्धान्त, आणि १८९२ मध्ये तो त्याने भाषणात उघड मांडला. १४० हून अधिक जमातींची हजारो मुलं या शाळेत आली. आल्या आल्या केस कापले जात, अंगावर गणवेश चढे, स्वतःची भाषा बोलायला बंदी. पहिल्याच तुकडीत आलेल्या लाकोटा जमातीच्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने पुढे सांगितलं आहे की, फळ्यावर इंग्रजी नावं लिहून ठेवली होती आणि त्यातलं एक नाव काठीने दाखवून निवडायचं होतं. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, धुलाई. सुट्टीत मुलांना घरी न पाठवता आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे राबायला ठेवत. हा झाला शाळेचा रोजचा दिवस.

फुटबॉल या शाळेत आला तो मुलांच्या हट्टामुळे. एका मुलाचा सामन्यात पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं होतं. १८९३ मध्ये मुलांचं शिष्टमंडळ त्याच्याकडे गेलं. त्याने परवानगी दिली, पण दोन अटींवर : समोरच्याने ठोसा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि थोड्या वर्षांत देशातल्या मोठ्या संघांना हरवून दाखवायचं. पहिली अट माझ्या डोक्यातून जात नाही. सभ्यपणाची परीक्षा फक्त एकाच बाजूने द्यायची, आणि तीही मैदानावर.

१८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. मधली तीन वर्षं कॉर्नेलला काढून १९०७ मध्ये परतला. ‘पॉप’ वॉर्नर तो हाच. आपल्यातली काही मुलं शनिवार-रविवार ज्या पॉप वॉर्नर लीगमध्ये खेळतात, तिला याचंच नाव आहे. डोक्याने अफाट माणूस. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू एका खेळाडूच्या जर्सीच्या पाठीत लपवून त्याला सगळं मैदान पळायला लावलं, ती करामत त्याचीच. (सामना कार्लाइल ११-१२ असा हरलं, हे सांगायचं मात्र बहुतेक जण विसरतात.) प्रतिस्पर्ध्यांपेक्षा संघ वजनाने हलका होता, म्हणून वॉर्नरने वेग, हुलकावणी आणि पास यांवर खेळ बसवला. १९०५ पर्यंत हा खेळ इतका जीवघेणा झाला होता की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना बड्या कॉलेजांच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलवून घ्यावं लागलं. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. नुसत्या धडकेचा जोर त्याने कमी झाला आणि कार्लाइलसारख्या संघाचं फावलं.

१९१२ मध्ये नियम आणखी बदलले. टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपार नेणं, पाचाऐवजी सहा गुणांचा झाला, दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, मैदान १०० यार्डांचं झालं, आणि पास वीस यार्डांपुढे फेकायचा नाही ही अट गेली. आज टीव्हीवर आपण जे बघतो त्याचा सांगाडा त्या वर्षी तयार झाला. आणि नेमक्या त्या वर्षी थॉर्प पूर्ण भरात होता.

त्याच उन्हाळ्यात तो स्टॉकहोम ऑलिंपिकला जाऊन पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींची सुवर्णपदकं घेऊन आला होता. कार्लाइलचाच लुईस तेवानिमा १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आला. हा तेवानिमा होपी जमातीचा. सरकारी शाळांना विरोध करणाऱ्या गटातला म्हणून त्याला १९०७ मध्ये शिक्षा म्हणून लष्कराच्या पहाऱ्यात कार्लाइलला आणलं होतं. पाच वर्षांनी तोच मुलगा अमेरिकेचा झेंडा छातीवर लावून धावला. त्याच्या रौप्यपदकाच्या पुढे त्या शर्यतीत अमेरिकेचा कुणी गेला तो १९६४ मध्ये, टोकियोला बिली मिल्स, आणि तोही लाकोटा. ऑगस्टमध्ये कार्लाइल गावाने दोघांची मिरवणूक काढली. पुढच्या महिन्यात फुटबॉल सुरू.

२१ सप्टेंबरला ऑलब्राइटला ५०-७, चार दिवसांनी लेबनन व्हॅलीला ४५-०, २८ तारखेला गावातल्याच डिकिन्सन कॉलेजला ३४-०, २ ऑक्टोबरला हॅरिसबर्गमध्ये व्हिलानोव्हाला ६५-०. बारा दिवसांत चार सामने. तीन दिवसांनी पाचवा, वॉशिंग्टन अँड जेफरसनशी, आणि तो ०-० असा सुटला. थॉर्पच्या किक त्या दिवशी लागेनात. मग सिरॅक्यूजला ३३-०. याच सिरॅक्यूजने आदल्या वर्षी त्यांना एका गुणाने हरवून हंगामातला एकमेव पराभव पदरात घातला होता, म्हणून ही परतफेड. पिट्सबर्गला ४५-८.

२६ ऑक्टोबरला, शनिवारी, वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनविरुद्ध ३४-२०. सोमवारी, २८ तारखेला, हाच संघ कॅनडात टोरंटोमध्ये उभा! मधला रविवार आगगाडीत. तिथे काही खेळ अमेरिकन नियमांनी आणि काही कॅनडियन नियमांनी झाला, गुणफलक ४९-१. हा एक गुण अमेरिकन नियमांत असा मिळतच नाही, तो कॅनडाचा. बसमधल्या आकडेप्रेमी मुलांना ही गंमत जरूर सांगा आणि लगेच हेही विचारा, की शनिवारी सामना खेळलेल्या पोरांना सोमवारी परदेशात दुसरा खेळायला कुणी नेलं असेल आणि का. उत्तराकडे येतोच.

लेहायला ३४-१४ हरवून ते ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला पोहोचले. लष्कराच्या अकादमीचा संघ समोर. या सामन्यावर पुस्तकं निघाली आहेत आणि बसमध्येही सगळ्यांना हाच ऐकायचा असणार. वॉर्नरने त्या दिवशी नवी रचना बाहेर काढली. मागे जमून राहणारे, चेंडू घेऊन पळणारे हाफबॅक त्याने दोन्ही कडांना, रेषेच्या जवळ नेऊन उभे केले. त्यामुळे चेंडू कोण नेणार, पास कुठून सुटणार, याचा समोरच्यांना थांगच लागेना. क्वार्टरबॅक गस वेल्च, ओजिब्वे जमातीचा, चालींची सूत्रं त्याच्याकडे. मध्यंतराला कार्लाइल ७-६ असं जेमतेम पुढे. कार्लाइलच्या जो गायॉनला ठोसा मारल्याबद्दल आर्मीचा कर्णधार डेव्होर मैदानाबाहेर गेला. उत्तरार्धात आर्मीला एकही गुण मिळाला नाही आणि कार्लाइलने आणखी वीस केले. अंतिम २७-६. ॲलेक्स आर्कासाने तीन टचडाऊन केले. दिवसभर सगळ्यांचे डोळे थॉर्पवर, आर्मीचे दोन-दोन जण त्याच्या अंगावर, आणि मोकळ्या जागेतून चेंडू नेतोय आर्कासा. आर्मीच्या बाजूने थॉर्पला आडवं करायला धडपडणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि फुटबॉल संपला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, हे मुलांना शाळेत शिकवतातच.

सामन्याआधी वॉर्नरने मुलांना आठवण करून दिली, की यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारलं, असं सांगतात. वूंडेड नी इथे लष्कराने लाकोटांची कत्तल केली ती २९ डिसेंबर १८९० रोजी. म्हणजे बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. सूडाची ही कथा ऐकायला जबरदस्त आहे आणि मुलं टाळ्या वाजवतील. पण थोडं थांबा. एक तर कार्लाइलने आर्मीला त्याआधी १९०५ मध्येच हरवलं होतं, ६-५ असं. दुसरं, ही मुलं ज्या खोल्यांत झोपत होती ती छावणी लष्कराचीच होती, शाळा लष्करी शिस्तीवर चालत होती, आणि बापाच्या मरणाची आठवण देणारा प्रशिक्षक त्याच व्यवस्थेचा पगार घेत होता. सामना जिंकून ती मुलं परत गेली ती त्याच फाटकातून आत.

या सामन्यापाशी गोष्ट थांबवायचा मोह सगळ्यांना होतो. हंगाम मात्र थांबला नव्हता. पुढच्या शनिवारी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना ३४-२६ असं हरवलं. दमलेला संघ, आठवडाभर वर्तमानपत्रांचं कौतुक, आणि बचाव पार उघडा पडलेला. त्यानंतर स्प्रिंगफिल्डचं वायएमसीए कॉलेज, जिथे बास्केटबॉलचा जन्म झाला तेच. तिथे ३०-२४, आणि ते तीसच्या तीस गुण एकट्या थॉर्पचे. शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठावर ३२-०. एकूण १४ सामने : १२ विजय, एक पराभव, एक बरोबरी. गुण ५०४, दिलेले ११४. थॉर्पच्या नावावर २५ टचडाऊन आणि १९८ गुण सहसा छापले जातात. मोजणारे याहूनही जास्त मोजतात.

आता त्या सोमवारच्या सामन्याचं उत्तर. चौदापैकी फक्त तीन सामने कार्लाइल गावात झाले आणि तेही दुबळ्या संघांशी. मोठा सामना घरी ठेवून उपयोग नव्हता, कारण तिकिटं खपत ती मोठ्या शहरांत. गेटच्या पैशातला वाटा शाळेच्या ॲथलेटिक फंडात जाई आणि त्या फंडाच्या किल्ल्या वॉर्नरच्या हातात. खेळाडूंना वेगळं निवासस्थान होतं, जेवण इतरांपेक्षा बरं होतं, अधूनमधून सूट किंवा ओव्हरकोट मिळे. बाकी पैसा कुठे जातो हे विचारायची सोय नव्हती.

तरी विचारलं गेलं, आणि विचारणारा होता गस वेल्च, आर्मीविरुद्ध चाली रचणारा तोच. त्याने पुढाकार घेतला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या करून वॉशिंग्टनला अर्ज पाठवला. १९१४ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त समितीने चौकशी लावली. मुलांनी साक्षी दिल्या : जेवण अपुरं आणि निकृष्ट, एका विद्यार्थिनीला फळीने बेदम मारहाण, फंडातल्या पैशाचा मनमानी खर्च. वेल्चने सांगितलं की वॉर्नर खेळाडूंना घाणेरड्या शिव्या देतो आणि हॉटेलच्या लॉबीत सामन्याची तिकिटं विकताना त्याने स्वतः पाहिला आहे. मुख्याध्यापक मोझेस फ्रीडमनला जावं लागलं. त्याच्यावर अफरातफरीचा खटला चालला आणि त्यातून तो सुटला. वॉर्नर पुढच्या हंगामाला पिट्सबर्गला प्रशिक्षक म्हणून रुजू झाला आणि तिथे आणखी मोठा झाला. माझ्या मते १९१२ च्या संघाचा सर्वांत धाडसी खेळ हा अर्ज आहे. वेल्च नंतर वकिली शिकला, वॉशिंग्टन स्टेटमध्ये फुटबॉल प्रशिक्षक झाला. त्याचं नाव कुठल्या लीगला नाही.

थॉर्पचं काय झालं ते थोडंफार सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलायनात रॉकी माउंट वगैरे ठिकाणी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. असे कितीतरी कॉलेजचे खेळाडू खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी, म्हणजे खेळून पैसे न घेणाऱ्या खेळाडूंसाठी होतं. जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने हे छापलं आणि पदकं गेली. तक्रारीची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, तरी गेली. वॉर्नर आणि फ्रीडमन दोघांनीही आपल्याला काही माहीत नसल्याचं सांगितलं. थॉर्पच्या सहीने माफीचं पत्र गेलं, त्यात मी एक साधा इंडियन शाळकरी पोरगा, मला हे सगळं कळत नव्हतं, अशा अर्थाची वाक्यं आहेत. ते लिहिण्यात वॉर्नरचा हात होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याच्या बळावर फंड भरत होता त्याला बारा महिने हौशी ठेवायचं आणि भरणारा पैसा आपण सांभाळायचा, असा तो व्यवहार. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला ‘सहविजेता’ केलं. एकट्याचं विजेतेपद परत मिळालं ते १५ जुलै २०२२ रोजी, मृत्यूनंतर ६९ वर्षांनी.

‘आपला काय संबंध?’ असा प्रश्न समितीच्या बैठकीत येणारच, तेव्हा त्याचंही बोलून घेऊ. आपण या राज्यांत घरं घेतली, मुलं इथल्या शाळांत घातली, शनिवारी पेन स्टेटच्या सामन्याला निळे-पांढरे टीशर्ट घालून बसतो. या जमिनीचा आणि या खेळाचा आनंद घ्यायचा आणि इतिहास मात्र ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवायचा, हे मला पटत नाही. मुलांना जवळचं उदाहरण हवं असेल तर दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू सांगा. थॉर्प कार्लाइलला खेळत होता तेव्हा, १९११ मध्ये, बाळू भारतीय संघातून इंग्लंडचा दौरा गाजवत होते. ज्यांना पुण्याच्या क्लबात संघाबरोबर चहा मिळायचा नाही त्या बाळूंच्या गोलंदाजीवर हिंदू संघ जिंकत होता, पण त्यांना कप्तानपद कधी दिलं नाही. ही दोन माणसं सारखी नाहीत आणि त्यांना सारखं करूही नका. पण खेळायला बोलवायचं आणि पंगतीत बसवायचं नाही, हे मराठी मुलाला समजावून द्यायला त्याहून सोपा दुवा माझ्याकडे नाही.

यात एक उपविनंती आहे, थोडी कडू लागेल. हॅलोविनच्या फॅन्सी ड्रेसमध्ये डोक्याला पिसं बांधून, गालावर लाल पट्टे ओढून मुलांना ‘रेड इंडियन’ करायचं आता बंद करू या. कार्लाइलच्या मुलांचे खरे केस कापले गेले. आणि १९२२-२३ मध्ये थॉर्प, गायॉन, पीट कॅलक या जुन्या सवंगड्यांना ओहायोतल्या एका कुत्र्यांच्या व्यापाऱ्याने ‘ऊरांग इंडियन्स’ नावाच्या व्यावसायिक संघात घेतलं, ते कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी. मध्यंतरात त्यांना वेश चढवून नाचायला आणि कुत्र्यांबरोबर खेळ करून दाखवायला लावत. थॉर्प त्याआधी, १९२० मध्ये, आज ज्याला आपण एनएफएल म्हणतो त्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष होता. ज्या पिसांचा आपण पोशाख करतो, ती त्यांच्यावर अशी चढवली गेली.

कार्लाइलला गेल्यावर काय बघायचं? छावणीतलं जुनं मैदान अजून आहे, त्याला इंडियन फील्ड म्हणतात. गावात जुन्या कोर्टाच्या आवारात थॉर्पचा स्मृतिदगड आहे. कंबरलँड काउंटीच्या इतिहास संस्थेत शाळेचे फोटो आणि वस्तू आहेत. तिथे मुलांना आवर्जून न्या, कारण फोटोत दिसतात ती त्यांच्याच वयाची मुलं. आणि छावणीच्या कडेला दफनभूमी आहे. सारख्या आकाराचे पांढरे दगड, बहुतेक क्षयासारख्या आजारांनी गेलेल्या विद्यार्थ्यांचे. काहींवर नावं चुकीची कोरली आहेत, काहींवर नुसतं ‘अनोळखी’. हीदेखील मूळ जागा नाही. १९२७ मध्ये लष्कराने बांधकामासाठी सगळ्या कबरी हलवल्या. २०१७ पासून जमाती आपापल्या मुलांचे अवशेष एकेक करून घरी नेत आहेत, त्यामुळे दगडांची संख्या कमी होत चालली आहे. या देशातली बहुधा ही एकच दफनभूमी असेल जी रिकामी होताना बघून बरं वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी शाळेच्या जागेपैकी सुमारे साडेचोवीस एकर भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये त्यांनी या निवासी शाळांच्या धोरणाबद्दल देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली होती. तेव्हा मी काही आडवाटेला न्यायला सांगत नाही. जागा सरकारी नकाशावर आली आहे, आपल्या पत्रकावर यायची आहे.

सहलीत असला उदास विषय कशाला, असं काहींना वाटेल. मला तो उदास वाटत नाही. ५०४ गुण उदास नसतात. टोरंटोचा तो एक गुण, तिकडे मोकळा सुटलेला आर्कासा, स्प्रिंगफिल्डचे तीस गुण हे सांगताना हसायला येईल, मुलं प्रश्न विचारतील. लहान मुलांना दफनभूमीत न्यायचं की नाही हे आईबापांनी ठरवावं, सक्ती नको. पण मोठ्या मुलांना गेटच्या पैशाचं आणि वेल्चच्या अर्जाचं सांगाच. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का, यावर ती रोज वाद घालत असतात. त्या वादाचं मूळ त्यांना कार्लाइलमध्ये सापडेल.

आता व्यवहाराचं. जिम थॉर्प ते कार्लाइल बसने दोन तासांच्या आसपास. मुक्काम हॅरिसबर्गजवळ केला तर दोन्ही दिवस सोपे जातात. जाताना ९०३ च्या रस्त्यावर थडग्यापाशी पंधरा मिनिटं थांबायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, तिथे बस वळवायला जागा बघावी लागेल. कार्लाइल बॅरक्स हे चालू लष्करी ठाणं असल्यामुळे फाटकावर ओळखपत्रं तपासतात आणि बाहेरच्यांना पास घ्यावा लागतो. आपल्यातले बरेच जण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, आजी-आजोबा पर्यटक म्हणून आलेले असतात. तेव्हा कुणाला कोणती कागदपत्रं लागतील याची चौकशी समितीने आधी करावी, फाटकावर जाऊन करू नये. ज्यांना आत जाता येणार नाही त्यांच्यासाठी इतिहास संस्था आणि कोर्टाचं आवार ठेवा, ते गावात आहेत. संस्थेच्या वेळाही आधी विचारून घ्या.

मुक्कामाची आणि जेवणाची व्यवस्था आमच्या भागातले सभासद बघतील. बसमध्ये हंगामाची गोष्ट सांगायला कुणी तयार नसेल तर मी येतो. मात्र अंताक्षरी त्यानंतर.

आपला,
हॅरिसबर्गजवळचा एक सभासद